मुकी घंटी आणि सात दारांची गढी

धानोऱ्यात खुशालची ओळख दोन गोष्टींवरून होती. दुकानाची पाटी रंगवायची तर खुशाल, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की राजाचा मुकुट, सेनापतीची तलवार, ऋषीची जटा पाहिजे तरी खुशाल. पुठ्ठा, चमकी, सरस आणि बाभळीचा डिंक एवढ्या भांडवलावर त्याने कितीतरी राज्यं उभी केली आणि कितीतरी धुळीला मिळवली. गंमत अशी, की पाटीवर नाव दुकानदाराचं आणि मुकुटाखाली डोकं नटाचं. खुशालचं म्हणावं असं कुठेच काही नव्हतं. एका खेळाचा तेवढा अपवाद.

तो खेळ त्याला गडचांदूरला सापडला. सिमेंट कारखान्याच्या अतिथिगृहात खोल्यांचे नंबर रंगवायला तो गेला होता. मशिनी बसवायला आलेला कोणी गोरा इंजिनियर जाताना एक फाटका डबा टाकून गेला होता, आणि तिथल्या स्वयंपाक्याने तो चूल पेटवायला ठेवला होता. डब्यात एक पातळ इंग्रजी पुस्तक. त्यात तळघरांचे नकाशे, राक्षसांची चित्रं आणि जादूच्या वस्तूंची लांबलचक जंत्री. फासे मात्र नव्हते. खुशालने चहाच्या बदल्यात पुस्तक सोडवलं, डिक्शनरी घेऊन बसला आणि हिवाळाभर वाचत राहिला. निम्मं समजलं. उरलेलं निम्मं त्याने स्वतःच रचलं, आणि ते मूळच्याहून बरं झालं असं त्याचं ठाम मत होतं.

खेळ असा: एकजण सांगणारा. तो म्हणतो, ‘‘तुम्ही गढीच्या दाराशी उभे आहात. दार बंद आहे. आतून कोणी खोकलं.’’ बाकीचे आपापल्या सोंगात शिरून सांगतात, आपण काय करतो. जमलं की फसलं, ते कवड्या ठरवतात. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं नशीब. पट नाही, सोंगट्या नाहीत, जे आहे ते बोलण्यात. सगळे त्याला नुसतं ‘गढी’ म्हणत.

आता चार माणसं दर रविवारी दुपारी एका माडीवर गोल करून बसतात, मधे कवड्या पडतात, एकजण डोळे मिटून पुटपुटतो आणि दुसरा घाबऱ्या आवाजात विचारतो, ‘‘आता मले काय दिसून राह्यलं?’’ हे खालून जाणाऱ्याने ऐकलं तर तो काय समजेल? आळीतल्या लोकांनी तेच समजलं. शेजारणीने तिच्या कोंबड्या मेल्या तेव्हा माडीकडे पाहून कडाकडा बोटं मोडली. विहारातल्या म्हाताऱ्यांना वेगळीच काळजी. छप्पन्न साली धम्म घेतलेल्या घरातला पोरगा, आणि कवड्या टाकतो? आणि तो काळ शहाऐंशीचा. धानोऱ्याच्या जंगलात बंदुका घेतलेले नवे लोक फिरत होते आणि त्यांच्यामागे पोलीस. तेव्हा एक जमादारही माडी चढून आला. भिंतीवरच्या नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला.

‘‘ही गढी कुठी आहे?’’

‘‘कुठीच नाई, साहेब.’’

‘‘नाई त नकाशा काऊन काढला?’’

‘‘खेळासाठी.’’

‘‘आन् हे दार? इथून कोन जाते?’’

‘‘राक्षस.’’

जमादाराने खुशालकडे असं पाहिलं, जणू राक्षसाचं नाव-गाव-पत्ता त्याला माहीत आहे आणि तो फक्त खुशालच्या तोंडून ऐकायचा बाकी आहे. जाताना नकाशा काढून घेऊन गेला. खुशालने दुसरा काढला.

खुशालला या सगळ्याचं दुःख नव्हतं. त्याचा जीव गुंतला होता वस्तूंत. त्या इंग्रजी पुस्तकातल्या वस्तू त्याला पसंत नव्हत्या. ‘तलवार, अधिक एक.’ ‘ढाल, अधिक दोन.’ ‘‘जादू आहे का पाढे?’’ तो म्हणायचा. त्याचा स्वतःचा नियम होता: वस्तूला खोड पाहिजे. नुसतं देणारी वस्तू म्हणजे सरकारी जाहिरात. त्याने उलट्या टाचेच्या चपला रचल्या. घातल्या की पाऊलखुणा उलट्या दिशेला उमटतात, पण घालणाऱ्याला घरची वाट आठवत नाही. टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा एक दिवा रचला. त्याच्या उजेडात दुसऱ्याने लपवलेलं दिसतं, पण दिवा धरणाऱ्याचं लपलेलंही दुसऱ्याला दिसतं. आणि हात नाटकवाल्याचा, तेव्हा प्रत्येक वस्तू तो खरोखर बनवायचा. एका लोखंडी पेटीत जपून ठेवायचा, सुतळीने लटकवून दुरूनच दाखवायचा. कोणाच्या हाती द्यायचा नाही. याबाबतीत तो सावकारापेक्षा वाईट.

या पेटीतलं सगळ्यात लाडकं लेकरू म्हणजे मुकी घंटी. धानोऱ्याच्या बाजारात कोणा म्हातारीकडून त्याने गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटी घेतली होती. आतली लाकडी जीभ काढून टाकली, काळा रंग दिला, वर लाल डोळा काढला. गुण असा: एरवी मुकी, पण जवळ कोणी खोटं बोललं की आपोआप वाजते. खोड अशी, की जो बाळगतो त्याचंही खोटं ती झाकत नाही. उलट तेव्हा जास्तच वाजते.

माघातल्या एका रविवारी खुशालने पेटी उघडली आणि घंटी नव्हती.

त्याने पेटी उलटी केली. माडी झाडली. त्याची माय, ठमाबाई, तीही कंबर धरून ताडपत्रीखाली शोधू लागली. ‘‘उंदरानं नेली असंल,’’ ती म्हणाली. एवढी घंटी नेणारा उंदीर असता तर त्याला नाटकात काम दिलं असतं. नाही, कोणी माणसानेच नेली होती, आणि माडीवर येणारी माणसं होती तिघं.

तेव्हापासून खुशालचं डोकं फिरलं. आधी गाव त्याच्याकडे पाहून डोळे बारीक करायचं, आता तो स्वतः तेच करू लागला.

बापूजी घ्या. निवृत्त पोस्टमन, पांढरी टोपी, विहाराचे खजिनदार. पण खेळात? खेळात पहिल्या दिवसापासून चोर. ‘‘अख्खा जन्म दुसऱ्याचं टपाल इमानदारीनं वाटलं,’’ ते म्हणायचे, ‘‘आता इथी तरी मले चोरू दे, लेका.’’ आणि चोरायचे असे, की राक्षसाच्या उशीखालची किल्ली काढताना उशीचा अभ्रा पण घेऊन यायचे. पोस्टमनच्या हातात एवढी कला येते कुठून?

कांताबाई घ्या. बालवाडीच्या बाई, पोरांना ‘टाळ्या वाजवा रे’ शिकवणाऱ्या. खेळात त्या कुऱ्हाड घेतलेली राक्षसीण. आणि त्यांनीच घंटी मागितली होती. ‘‘खुशालभाऊ, आठ दिवस द्या ना मले. गूळ कोन खाल्ला हे एकबी पोरगं कबूल करून नाई राह्यलं.’’ खुशालने दिली नव्हती. मागून न मिळालेल्या वस्तूचं माणूस काय करतो?

आणि लालसू. जंगलातल्या गावचा, वनखात्याच्या रोजंदारीवर आगीची राखण करणारा. बोलणं कमी, हसणं जास्त. पण खेळात त्याने घेतलेलं सोंग होतं व्यापाऱ्याचं, आणि ते तो असं वठवायचा की बापूजी पोट धरून हसत. मोह-चारोळी विकताना काटा मारणारे व्यापारी त्याने उभ्या जन्मात पाहिले होते, त्यांचाच हिशेब तो राक्षसांशी चुकता करायचा. ‘‘एवढं मोठं डोकं आहे तुहं, पन वजनात हलकं भरते गा,’’ असं एका ब्रह्मराक्षसाला म्हणून त्याने त्याचा हार निम्म्या भावात घेतला होता. खेळावर लालसूइतका विश्वास कोणाचाच नव्हता. बाकीचे खेळायचे, तो गढीत राहून यायचा. तो नसला की खुशालच्या राक्षसांना घाम फुटायचा नाही.

खुशालने रात्रंदिवस विचार केला आणि मग चोर पकडायला त्याने तेच हत्यार काढलं जे त्याला येत होतं. त्याने एक नवी गढी रचली. सात दारांची. सहा दारं शोभेची, सापळा तिसऱ्यात.

झालं होतं असं, की घंटीची जीभ काढताना त्याला तिच्या पोटात, अगदी आत, चाकूने कोरलेली खूण दिसली होती. तीन रेघा, वर फाकलेल्या, खाली जुळलेल्या, कोंबडीच्या पायासारख्या. ती खूण त्याने कोणाला सांगितली नव्हती. घंटी हातात घेऊन उलटी केल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. म्हणजे ज्याला खूण माहीत, त्याच्याकडे घंटी. एवढं सरळ.

रविवार आला. मायने शेंगा भाजून दिल्या आणि ती विहारात गेली. पहिलं दार कांताबाईंनी कुऱ्हाडीने फोडलं. दुसऱ्याची कडी बापूजींनी काढून पिशवीत टाकली. तिसऱ्या दाराशी खुशालने आवाज खाली आणला.

‘‘दारावर लाकडी घुबड आहे. ते मान फिरवून विचारते, मुक्या घंटीच्या पोटात काय कोरलं आहे?’’

खुशाल तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता. जमादारसुद्धा असं पाहत नाही.

बापूजी म्हणाले, ‘‘मधमाशी.’’

‘‘काऊन?’’

‘‘काऊन म्हंजे? मले वाटलं म्हनून.’’

कांताबाई म्हणाल्या, ‘‘काहीच कोरलं नसंल. खुशालभाऊ फसवून राह्यले.’’

लालसू शेंग सोलत होता. वर न पाहता म्हणाला, ‘‘कोंबडीचा पाय.’’ आणि दाणा तोंडात टाकून हसला. ‘‘उघड दार, घुबडा.’’

खुशालने कवड्या मुठीत गोळा केल्या. तुला कसं माहीत, एवढा साधा प्रश्न त्याला सुचला नाही. तो म्हणाला, ‘‘घंटी दे.’’

लालसूला वाटलं घुबडच बोलतंय. ‘‘घंटी देत नाई. भाव सांग.’’

‘‘खेळ बंद झाला, लालसू. माही घंटी दे. पेटीतून तूच नेली.’’

लालसूचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, पाहुणा निघून गेल्यावर खाट अंगणातच राहावी तसं. मग तो उभा राहिला. त्याने सदऱ्याचा खिसा बाहेर ओढला, मग पँटचे दोन्ही. बिडीचं बंडल, माचिस, सुपारीचा तुकडा, सगळं सतरंजीवर ठेवलं.

‘‘घे झडती,’’ तो म्हणाला. ‘‘नाक्यावर पोलीस घेते. डेपोत फारेस्टवाले घेतेत. तू राह्यला होतास, खुशालभाऊ.’’

बिड्या तिथेच टाकून तो जिना उतरला.

संध्याकाळी खुशालने मायला सांगितलं, ‘‘लालसू निघाला चोर.’’ तिने न मागता त्याच्या ताटात सुक्या झिंग्यांची चटणी वाढली, आणि भात संपला नव्हता तरी वर आणखी भात घातला.

पुढच्या रविवारी कवड्या मांडून खुशाल बसला. कांताबाई जिन्यातूनच म्हणाल्या, ‘‘आज मी नाई बसत. माह्या डोक्यात एखादं उत्तर बरोबर आलं, त तुम्ही मलेबी धरान.’’ बापूजी आलेच नाहीत. विहारात गाठ पडली तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘मी मधमाशी म्हनलो म्हनून वाचलो, नाई का?’’ त्यांचं ते ‘नाई का’ खुशालला दोन दिवस पुरलं. चोर सापडला होता, पण घंटी नव्हती, लालसू नव्हता आणि खेळही नव्हता. मुकुट बनवायचे, पाट्या रंगवायच्या, म्हणजे पुन्हा सगळं दुसऱ्याचंच.

अशात नागभीडचं स्थळ आलं. मुलीचे वडील रामाजी रेल्वेत, मुलगी सत्यशीला दहावी पास. माय-लेक एस.टी.ने निघाले. मायने मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरली होती. ‘‘चिवडा आहे,’’ ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

रेल्वेच्या क्वार्टरात सतरंजी अंथरली होती. रामाजी मोठ्या तोंडाचे गृहस्थ. ‘‘आमची सत्यशीला म्हंजे गाय,’’ ते म्हणाले. मायने पिशवी उचलून कानाशी धरली.

‘‘स्वयंपाक?’’ तिने विचारलं.

‘‘अन्नपूर्णाच!’’

पिशवी पुन्हा कानाशी.

‘‘घरात भांडनतंटा?’’

‘‘छ्या! आमच्या घरी कोनी आवाज चढवून बोलत नाई,’’ रामाजी म्हणाले, आणि त्याच क्षणी आतून बाईमाणूस ओरडलं, ‘‘तुमाले सांगतलं होतं ना, साखर आना म्हनून!’’ मायने पिशवी कानावर दाबलीच. खुशाल आता मायकडे पाहत होता. चिवडा इतका लक्ष देऊन कोण ऐकतं?

चहाचा ट्रे घेऊन सत्यशीला आली. कप घ्यायला मायने हात पुढे केला आणि पिशवी मांडीवरून घसरली. काळी, लाल डोळ्याची घंटी गडगडत सत्यशीलेच्या पायाशी गेली.

तिने ट्रे ठेवला, घंटी उचलली, उलटी करून आत पाहिलं.

‘‘हिची जीभ कुठी गेली?’’ तिने विचारलं.

मायने ती घेतली आणि पुन्हा पिशवीत टाकली.

परतीच्या गाडीत मायने पिशवी खुशालच्या मांडीवर ठेवली. मग आपणहून बोलली. एरवी रविवारी खाली चुलीपाशी बसून ती सगळं ऐकायची. चपला, दिवा, घंटी. ‘‘तू एवढं खात्रीनं सांगे, बाबू. मले वाटलं, असंल तिच्यात काही. लग्नाच्या गोष्टीत लोक किती खोटं बोलतेत, तुले काय माहीत! ठेवून देनार होतो परत.’’

‘‘माय, तू! अवो, घरातले देव तूच नदीत सोडले ना?’’

‘‘सोडले. ह्याच हातानं.’’ तिने ते हात पुढे केले. ‘‘पन हे देव थोडीच आहे? हे त माह्या पोरानं बनवलं.’’

आयुष्यात खुशालच्या कलाकुसरीची इतकी तारीफ कोणी केली नव्हती, आणि तिची इतकी किंमतही कोणी वसूल केली नव्हती.

‘‘मंग लालसूचं सांगतलं तेव्हा बोलली काऊन नाई?’’

‘‘लाज वाटली,’’ माय म्हणाली. आणि लगेच पुढे, ‘‘पोरगी चांगली आहे. बापाच्या बोलन्यावर नको जाऊ. घंटी काही वाजली नाई.’’

‘‘तिले जीभच नाई, माय!’’

‘‘ते पोरीनंच वळखलं ना पह्यल्यांदा? मंग चांगलीच आहे.’’

दुसऱ्या दिवशी खुशाल सायकलवर घंटी बांधून लालसूच्या गावाला गेला. मोह पडायला लागला होता, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गोड, आंबूस वास. लालसूच्या अंगणात चटईवर मोहफुलं वाळत होती आणि सावलीत त्याचा बाप, पोचू, काहीतरी तासत बसला होता. त्याच्यापुढे नव्या घंट्यांची रांग होती. लाकडी. खुशाल वाकला. एक उचलली, उलटी केली. आत तीन रेघा. दुसरी उचलली. तीन रेघा. बाजारात घंट्या घेऊन बसणारी म्हातारी, बुधरी, लालसूची आजी, झोपडीच्या दारातून त्याच्याकडे पाहत होती.

‘‘ढोर जंगलात हरवलं, त घंटी कोनाची हे कळावं म्हनून,’’ मागून लालसू म्हणाला. ‘‘बाप कोंबडीचा पायच काढते. आजूबाजूच्या सगळ्या गावच्या ढोरांच्या गळ्यात आहे.’’

वस्तूला खोड पाहिजे हे वस्तू रचताना खुशालला दर वेळी आठवलं होतं. सापळ्यालाही असते, हे आठवलं नव्हतं.

त्याने मायची गोष्ट सांगितली. नागभीड सांगितलं, पिशवी सांगितली. लालसू हसला नाही. पोचूने मधेच हात लांब करून घंटी घेतली, काळ्या रंगाकडे पाहून तोंड वाकडं केलं, आत बोट घातलं आणि लेकाला गोंडीत काही विचारलं.

‘‘बाप म्हनते, हिची जीभ कोनं कापली?’’

‘‘मीच,’’ खुशाल म्हणाला.

पोचूने मान हलवली आणि उरलेल्या लाकडातून नवी जीभ तासायला घेतली. खुशालची सगळ्यात लाडकी जादू डोळ्यांदेखत साध्या बैलाची घंटी होत होती.

‘‘एक सांग,’’ लालसू म्हणाला. ‘‘मी जिना उतरलो, त्याच्या बाद तुले कधी वाटलं का, का हा चोर नसंल?’’

‘‘लगेच वाटलं,’’ खुशाल म्हणाला. ‘‘तू गेला आन् लगेच.’’

तेवढ्यात गावच्या वळणावरून गुरं परतली. टक् टक्, टडाक् टडाक्, पोचूच्या हातच्या जेवढ्या घंट्या होत्या तेवढ्या सगळ्या एकदम वाजत अंगणापर्यंत आल्या. धूळ उडाली. लालसू खुशालकडे पाहत राहिला. गुरं संपता संपेनात.

‘‘बरं, नाई वाटलं,’’ खुशाल म्हणाला. ‘‘नागभीडपर्यंत नाई वाटलं.’’

आता लालसू हसला. आधी नाकातून, मग सगळाच. बुधरीने आतून पाण्याचा लोटा आणून खुशालसमोर ठेवला.

‘‘रविवारी येतो,’’ लालसू म्हणाला. ‘‘पन सांगनारा मी. तू खेळ.’’

रविवारी चौघं बसले. गढी तीच होती, सात दारांची, पण सांगणारा लालसू. खुशालने राजाचं सोंग मागितलं, लालसूने त्याला दिलं रोजंदारीवरच्या मजुराचं. पहिल्या दाराशी पहारेकरी होता.

‘‘बापूजी, तुम्ही जा,’’ लालसू डोळे मिटून म्हणाला. ‘‘कांताबाई, कुऱ्हाड घेऊन जा, काही हरकत नाई. ए मजूर, तू थांब. खिसे दाखव.’’

खुशालने सांगितलं, आपण खिसे दाखवतो.

‘‘सांगू नोको. दाखव.’’

खुशाल उभा राहिला आणि त्याने सदऱ्याचा खिसा बाहेर ओढला. ब्रश, चमकीची पुडी, एस.टी.चं तिकीट, सगळं सतरंजीवर ठेवलं. लालसूने एकेक वस्तू उचलून पाहिली, घाई न करता.

‘‘जा,’’ तो म्हणाला. ‘‘आता दुसरं दार. पहारेकरी आहे.’’

खुशालने वस्तू गोळा करून पुन्हा खिशात भरल्या, कारण अजून सहा दारं होती.